लाल ओळी आणि फवारणीचा पंप

शेलूबाजारचा आमचा शेजारी घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतो. सध्या तो रस्ट नावाची प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय, म्हणजे ओसरीवर बसून लॅपटॉपशी भांडतोय. एरवी हा माणूस कुणालाच नाही म्हणत नाही. त्याचा फवारणीचा पंप सगळी गल्ली वापरते. कुणी नेला, हे त्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

प्रोग्राम तपासणारा कंपायलर मात्र त्याला सारखा नाही म्हणतो. स्क्रीनवर लाल ओळी आल्या की हा मांडीवर हात आपटतो.

"पाहा काका, ही यादी मी प्रोग्रामच्या एका भागाले बदलाले देली, तं हा म्हणते, आता दुसऱ्याले हातच लावू देऊ नको! काहून? आपल्या पंपाले सात घरं हात लावतात, काय बिघडलं?"

मग तो यादीची नक्कल करतो, त्या नकलेचीही नक्कल करतो, आणि कंपायलर गप्प बसला की खुशीत चहा मागतो.

मागच्या पंधरवड्यात त्यानं तुरीवर अळीचं औषध मारलं आणि पहिली चार तासं, म्हणजे झाडांच्या चार ओळी, करपून गेल्या. पंपात आधीचं तणनाशक उरलं होतं. बांधावरचं गवत मारून, पंप न धुता त्याच्या खुंटीला अडकवणारा मीच. तसं मी त्याला सांगितलं.

तो तुरीचं एक करपलेलं पान तोडून पाहू लागला. "बरोबर बोलून राह्यला होता तो कंपायलर," एवढंच म्हणाला.

आता लाल ओळी आल्या की तो शिव्या देत नाही, शांतपणे वाचतो. मलाही दिल्या नाहीत. पंप मागितला की अजूनही लगेच देतो. फक्त मी धुऊन परत नेऊन दिला, तरी माझ्यासमोर पुन्हा एकदा धुतो.