वाघावरची पन्नी

इंद्रजीत राठोडला ओळखत नाही असा माणूस महागावात सापडलाच, तर तो नुकता बदली होऊन आलेला असतो. त्यालाही पहिल्या चहाला कोणीतरी सांगतोच, "त्या पेंटरच्या कामाले नाव नका ठेवजा सर. नाव ठेवनारे दवाखान्यात भेटतात."

यात फार अतिशयोक्ती नाही. इंद्रजीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा. एका गिऱ्हाइकाने त्याच्या मोराला कोंबडी म्हटलं, तर इंद्रजीतने त्याची मान धरून तोंड त्याच ओल्या मोरावर घासलं. त्या माणसाच्या दाढीतला निळा पोळ्यापर्यंत टिकला. रंग चांगल्या कंपनीचा होता, एवढंच म्हणता येईल. दुसऱ्या एकाचं डोकं त्याने शटरमध्ये धरलं होतं. मग गावाजवळच्या एका तांड्यावर लग्नाच्या हळदीत त्याने बायकोच्या सख्ख्या चुलतभावाच्या तोंडावर हेल्मेट हाणलं आणि त्याचा जबडा निखळवला. कारण काय, तर नाचताना त्याचा पाय याच्या पायावर पडला.

बायकोने, म्हणजे बबिताने, त्याच मांडवात, सगळ्यांसमोर पिशवी भरली. "आता मी माहेरी चालली. तुमचा हात पुन्हा कोनावर उठला, तं मले घ्याले येऊच नका. आनि नाही उठला, तं मीच येईन."

ती उमरखेडकडच्या तांड्यावर गेली आणि इंद्रजीत माणसातून उठला. म्हणजे माणसात आला. कोणी शिवी दिली तर हा हात पाठीमागे बांधून उभा राहायचा. गावाला तर फुकटचा तमाशा मिळाला. पानठेल्यावरचे लोक मुद्दाम विचारायचे, "काय इंद्रजीतभाऊ, जबडा कसा हाय पाव्हन्याचा?" तो लाल व्हायचा, घाम पुसायचा आणि म्हणायचा, "बरा हाय. भाकर खाते."

ट्रॉल्यांची गिऱ्हाइकं घाबरून केव्हाच पांगली होती. त्याला हात दिला रिमोटवर पळणाऱ्या छोट्या गाड्यांनी. आमच्याकडे बाजार समितीमागच्या रिकाम्या मैदानावर त्यांचा पट, म्हणजे शर्यत, भरतो. बैलांच्या पटासारखाच गुलाल, तशाच शिव्या. नियम एकच, नियम नाही. गाड्या एकमेकींवर घालायच्या, उलथवायच्या, चुरा करायच्या. त्यामुळे दर पटानंतर नव्या बॉडीची ऑर्डर.

ही बॉडी म्हणजे पाण्याच्या बाटलीसारखं पारदर्शक टोपण. रंग आतून मारायचा. ट्रॉलीवर आधी पार्श्वभूमी आणि शेवटी वाघाचे डोळे. इथे डोळे आधी, पट्टे मग, पिवळा सर्वांत शेवटी, आणि सगळं उजव्याचं डावं. बाहेरून प्लास्टिकची एक पातळ पन्नी चिकटवलेली येते, रंगाचे शिंतोडे तिच्यावर पडतात. शेवटी पन्नी ओढायची की बॉडी काचेसारखी लखलखते. मग भोकं पाडून ती गाडीच्या खांबांवर बसवायची, वर पिना मारायच्या.

मुरूमवाल्या नागोरावने अशीच एक बॉडी दिली. वाघ पाहिजे, तोंड फाडलेला. इंद्रजीतने जीव ओतला. रंग वाळला आणि तो पन्नीला नख लावणार, तोच नागोराव ओरडला, "ए, पन्नी कायले काढतं बे?"

"काढाच लागते भाऊ. वाघ दिसनार नाही."

"माह्या नव्या गाडीच्या सीटची पन्नी काढली का म्या? सोफ्याची काढली? नवीन वस्तू हाय, नवीनच राहू दे."

हे मात्र खरं होतं. नागोरावच्या घरी फ्रिजपासून देवघरातल्या दिव्यांच्या माळेपर्यंत सगळं पन्नीत आहे. पाहुणे सोफ्यावरून घसरतात, पण पन्नी निघत नाही. इंद्रजीतने हात मागे बांधले.

पटावर गाडी उतरली आणि मैदान हसून लोळलं. पन्नी धुरकट, तिच्यावर पिवळ्या-काळ्याचे शिंतोडे, कडेला फुगे. कोणीतरी ओरडलं, "अबे, वाघाले मोतीबिंदू झाला!" दुसरा म्हणाला, "ऑपरेशनची तारीख घ्या!" नागोरावने चिडून रिमोटचा खटका पार दाबला, गाडी दगडावर चढून पालथी पडली, आणि तिच्यावरून दुसऱ्या तीन गेल्या.

नागोराव तडक दुकानात आला. सोबत त्याचेच दोन ट्रॅक्टरवाले, एकाच्या हातात टायर उचकटायची लोखंडी टॉमी. मागे अख्खा पट. आम्हीही गेलो. अशा वेळी घरी बसणाऱ्याला महागावकर म्हणत नाहीत.

पहिला फटका पाठीत बसला. दुसरा बरगडीत, त्याचा आवाज ओली काडी मोडल्यासारखा आला. इंद्रजीतने दोन्ही हातांनी कामाचं टेबल धरलं, इतकं घट्ट की बोटं पांढरी पडली. तिसऱ्या फटक्याने भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. रंगाचे डबे लोळत रस्त्यावर गेले. गर्दीतून कोणी म्हणालं, "हाण ना बे इंद्या, मरशील!" तो नाही म्हणून मान हलवत राहिला. नागोरावने त्याचे केस धरले आणि गाडी तोंडासमोर आणली.

"हा वाघ हाय? हा? बोल!"

इंद्रजीतने टेबल सोडलं नाही. मान पुढे केली, पन्नीची सुटलेली कड दातात धरली आणि झटक्यात ओढली.

वाघ बाहेर आला. खरंच आला. ओरखडे सगळे पन्नीनेच खाल्ले होते. पिवळा जळत होता, जबड्यातली लाळ ओली दिसत होती. मागचे लोक श्वास विसरले. नागोरावही विसरला. तो गाडीवर वाकला, चेहरा वाघाच्या चेहऱ्याजवळ नेला. त्याच्या माणसाने त्याच वेळी टॉमी फिरवली होती, ती काही वाघ पाहायला थांबली नाही. नागोरावच्या तोंडावर बसली. समोरचे दात टेबलावर सांडले.

संध्याकाळपर्यंत गावात एकच बातमी: इंद्रजीतने नागोरावचे दात पाडले. नागोरावही तेच सांगत होता, जेवढं सांगता येत होतं तेवढं. आपल्याच नोकराने पाडले म्हणण्यापेक्षा ते बरं. पाहिलेलेसुद्धा मान डोलवत होते, कारण खरी गोष्ट इंद्रजीतला शोभत नव्हती. बातमी एसटीने तांड्यावर पोचली.

सकाळच्या गाडीने बबिता आली. इंद्रजीत दुकानाच्या पायरीवर बसला होता. एक डोळा बंद, ओठ वांग्यासारखा.

"म्या नाही मारलं," तो म्हणाला.

"सारा गाव लबाड हाय, आनि तुमी एकटे खरे?"

तिने पिशवी खाली ठेवली. "हात दाखवा."

त्याने हात पुढे केले. तिने मुठी वळायला लावल्या आणि बोटांची हाडं एकेक करून दाबून पाहिली. प्रत्येक मारामारीनंतर याच हाडांना तिने हळद लावली होती; तोंड फोडलेली मूठ दुसऱ्या दिवशी कशी सुजते, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. चेहऱ्याचा चेंदामेंदा झाला होता. हात मात्र धड होते, नुसता नखात पिवळा रंग.

तिने पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

"खाल्ला मार?" ती हळूच म्हणाली. "उभे राहून?"

"टेबल धरून."

ती हसली की रडली, पाठमोरी असल्यामुळे आम्हाला कळलं नाही. इंद्रजीत पिशवी उचलायला वाकला आणि बरगडी धरून कण्हत तिथेच बसला.

"राहू द्या," बबिता म्हणाली. पिशवी तिनेच उचलली आणि आत गेली.