डेल्मरची मोठी पुली

नेब्रास्कातल्या आमच्या मक्याच्या मुलखात वारा कधी दमत नाही, आणि डेल्मर ह्रुस्काचं तोंडही नाही. चाळीस वर्षं मी गाड्यांचे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर वीज बनवणारी यंत्रं, दुरुस्त करतोय. इतका पोकळ माणूस माझ्या दुकानात दुसरा आला नाही.

त्याची धाकटी बहीण लोरीन शाळेची बस हाकते, आणि रविवारी मातीच्या ट्रॅकवर शर्यतीची गाडी पळवते. डेल्मरही पळवतो, त्याहून जास्त तोंडाने पळवतो. सात वर्षांत चषक एकही नाही. यंदा मात्र गुणांत तो लोरीनच्या पुढे होता. शेवटच्या शर्यतीत गाडी नुसती अखेरपर्यंत चालली असती, तरी चषक त्याचाच होता.

आदल्या दिवशी तो अल्टरनेटरचा पट्टा जिच्यावर फिरतो तसली, पण ताटलीएवढी चकचकीत पुली घेऊन दुकानात आला, मागोमाग लोरीन.

"अर्विन, ही बसव. अल्टरनेटर हळू फिरेल, इंजिनावरचा भार उतरेल. सगळी ताकद चाकांना!"

"ताकद मिळेल चिमूटभर," मी म्हणालो. "पण इंजिन मंद असताना अल्टरनेटर नुसताच गरगरेल, वीज देणार नाही. पंखा, पेट्रोलचा पंप, ठिणगी, सगळं बॅटरीच्या जिवावर. अपघात होऊन पिवळा झेंडा पडला, सगळ्यांना हळू चालवावं लागलं, की काय करशील?"

"पिवळा झेंडा मागच्यांसाठी असतो, म्हाताऱ्या!"

"दादा, निदान बॅटरी तरी मोठी घे," लोरीन म्हणाली.

"वजन वाढतं, पोरी. तू बस चालव."

मी पुली बसवली. गाढवाला ज्ञान विकायला मी काही मास्तर नाही.

बारा फेऱ्या तो खरंच वाऱ्यासारखा सुटला. मग दोन गाड्या भिडल्या, कुंपण मोडलं, पिवळा झेंडा पडला. कुंपण दुरुस्त होईपर्यंत सगळ्या गाड्या रांगेत रांगत राहिल्या. वीज बनत राहावी म्हणून बाकीचे खालच्या गिअरात इंजिन घुमवत ठेवत होते. हा मात्र वरच्या गिअरात निवांत बसून प्रेक्षकांना हात दाखवत होता. अशा संथ चालीच्या नवव्या फेरीला त्याचा पंखा मंदावला, इंजिन खोकलं. हिरवा झेंडा पडला, सगळे गेले. डेल्मर ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर अडलेल्या बैलासारखा उभा राहिला.

चषक लोरीनने नेला.

"बॅटरी भिकार निघाली," तो हेल्मेट न काढताच म्हणाला.

लोरीन आपली गाडी शेजारी आणून बॅटरी जोडायच्या तारा घेऊन आली. "चल दादा, चालू करून देते."

त्याने तारांकडे पाहिलं आणि मान फिरवली. बहिणीची वीज त्याला नको होती. गाडी तशीच सोडून तो मक्यातून पायी घरी गेला.