मूठभर कापूस

१४ मे २०२४, मंगळवार. ऊन फार. नळाला पाणी आले नाही. दुपारी जुनी वर्तमानपत्रे रद्दीत दिली. दिवेलागणीला शेजारी इमामभाई आणि मेहरुनबी पुन्हा भांडले. मेहरुनबीला जाऊन आठ वर्षे झाली.

शेवटचे वाक्य रहिमतपूरबाहेरच्या माणसाला खटकेल. लग्न होऊन इथे आले तेव्हा मलाही खटकले असते. पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी असले काही शिकवले नव्हते. आमच्या गावात नवरा किंवा बायको गेली, की ते माणूस दिवेलागणीला येऊन आपल्या जुन्या गादीवर बसते. गादीतला कापूस पिंजून मोकळा केला की येणे थांबते. म्हणून लोक वर्षाच्या आत गादी पिंजून घेतात. गावाच्या गाद्या पिंजणारे इमामभाईच. घरच्या गादीला मात्र त्यांनी हात लावला नव्हता.

माझे हे गेल्यावर कधी आले नाहीत. ते फोमच्या गादीवर झोपत. त्या गादीचा मला अजून राग येतो.

आणि शेजारी ज्यांची बायको रोज येते, त्यांच्याकडे रोज कटकट!

"आवं, पाठीत ढेकळं रुततात. गावाच्या गाद्या मऊ केल्या आन् बायकूला दगडावर निजवलंय."

"पिंजली की तू जाशील."

"मग काय जन्मभर हितंच कण्हत बसू?"

"आता कुठला जन्म ऱ्हायलाय तुजा?"

"ऐकलं का बाई, कसं बोलत्यात!" हे भिंतीपलीकडून मला.

मंगळवारच्या या भांडणानंतर मेहरुनबी भिंतीकडे तोंड करून बसू लागली. इमामभाईंना शिव्या चालत होत्या, ही पाठ चालेना. शुक्रवारी नमाजाहून येताना ते माझ्या पायरीवर टेकले.

"बाई, समदी पिंजतो. फकस्त एक मूठ तशीच ठिवतो, कोपऱ्यात. तिला मऊ लागंल, आन् यायची बी ऱ्हायची न्हाई."

"असं चालतं का?"

"पिंजारी कोन हाय, तुमी का मी?"

शनिवारी दिवसभर त्यांच्या अंगणात कापूस पिंजायची धनुकली वाजली. कापसाचे तंतू माझ्या तुळशीवर येऊन बसले. नवी खोळ भरली, शिवली. दिवेलागणीला त्यांनी मला हाक मारली.

मेहरुनबी आली नाही. तिचा हात तेवढा आला, मनगटापर्यंत, हिरव्या बांगड्यांसकट. जेवढा कापूस न पिंजता उरला तेवढीच ती आली. मला त्यांच्या हुशारीचा संताप आला.

हाताने गादी चाचपली. मऊ जागेवर जरा वेळ पसरून राहिला. मग कोपऱ्यातली गाठ सापडली. हाताने टाका उसवला, मूठभर कापूस ओढून काढला आणि इमामभाईंच्या तळव्यावर आदळला.

"एवढा बी पिंजू?" त्यांनी विचारले.

हाताने त्यांच्या मनगटावर चापटी मारली.

"उंद्या पिंजतो."

दुसरी चापटी. मग मात्र हात तिथेच राहिला, त्यांच्या हातावर. सांजेची, मगरिबची अजान झाली आणि गेला.

थोड्या वेळाने इमामभाई कापूस घेऊन माझ्या दारात उभे.

"ह्यो तुमी ठिवा बाई. माजी बोटं लय वंगाळ, बसल्या बसल्या सुटा करत्याल."

"म्हणजे रोज तुमच्या बायकोचा हात माझ्या स्वयंपाकघरात येणार?"

"मी बी येतो की च्या प्यायला."

"आणि ती म्हणतेय ते? तिला जायचंय, इमामभाई."

"ठावं हाय मला." ते चपलांकडे बघत म्हणाले. "चार दिस ठिवा. मग तुमीच पिंजा, मला न सांगता."

मला पिंजता येत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

१८ मे, शनिवार. साबुदाण्याची बरणी रिकामी करून पुसली. त्यात मूठभर कापूस ठेवला. झाकण सैल लावले आहे.