साहेबांचा अंगठा

तापलेल्या धुळीचा वास आला की माझ्या दातांना साहेबांचा अंगठा आठवतो. लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच, आणि टँकरच्या गावांची यादी आमच्या कचेरीतल्या एकुलत्या संगणकात, युनिक्स मशीनमध्ये होती. मशीनमध्ये जागा उरली नाही, तेव्हा आमच्यापैकी कुणीच न बनवलेल्या फायली मी अडगळ समजून उडवल्या. मशीन चालत होतं ते नेमकं त्यांच्यावरच! यादी अडकली, टँकर जागच्या जागी उभे राहिले. मशीनचा नांदेडचा जाणकार फोनवर ओरडला, "फायलींची टेप घेऊन निघून राहिलो. तवर बंद करू नका, पुन्हा उठणार न्हाई!" इतक्यात यादी गेल्याचं ऐकून घागरी घेऊन आलेल्या लोकांनी दार फोडलं. दोघांनी माझे हात पिरगाळले, तिसऱ्यानं घागर तोंडावर हाणली. "आमच्या गावचं पाणी पुसलंस व्हय रे?" नाकातून रक्त गळत होतं. "बंद करून चालू करा, होतंय समदं," म्हणत साहेबांनी माझ्या तोंडासमोरून उजवा हात बटणाकडं नेला. माझ्याकडं दातच मोकळे होते. मी त्यांच्या अंगठ्याला कडकडून चावलो. त्यांनी दुसऱ्या हातानं बडव बडव बडवलं, पण टेप येईपर्यंत बटणाला कुणी शिवलं नाही. संध्याकाळी फायली परत बसल्या, यादी निघाली, टँकर सुटले. परवा एका लग्नात साहेब भेटले. हसले, अन् मिळवायला डावा हात पुढं केला.