काविळीचा डाग

फौजेच्या कागदांवर माझा राग आहेच, पण त्याहून जास्त राग नवऱ्यावर आहे. कागदाला निदान अक्कल असावी अशी कुणाची अपेक्षा नसते.

हे सतरा वर्षं फौजेत होते. आमचं लग्न ठरायच्या आधीची गोष्ट. बर्फातल्या एका चौकीवर तंबूतल्या बुखारीत, म्हणजे तिकडच्या शेगडीत, रॉकेल ओतताना भडका उडाला आणि डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. मांडीची कातडी काढून हातावर लावली. जखम भरली, पण कातडी आखडली. मूठ आजही पुरती मिटत नाही. घरी काही कळवलंच नाही. पुढे सुट्टीवर आले तेव्हा सासूबाईंना दिसला तो बरा झालेला हात, तोही लांब बाहीच्या शर्टातून.

निवृत्त होताना डॉक्टरांचं बोर्ड बसतं. दुखापत नोकरीमुळे झाली की नाही आणि अपंगत्व किती टक्के, हे ते ठरवतं आणि त्यावर अपंगत्वाची पेन्शन. आमच्या साहेबांनी काय करावं? दवाखान्याचा एकुलता एक मूळ कागद, झेरॉक्स न काढता, तिथे देऊन टाकला. का, तर मागितला म्हणून. इथे कर्जत स्टेशनबाहेर झेरॉक्सवाले माश्या मारत बसलेत आणि ह्यांना सतरा वर्षांत कागदाची एक प्रत काढावीशी वाटली नाही. तो कागद अर्थातच हरवला. मग घरी पत्र आलं, की डाव्या हातावरचा भाजल्याचा व्रण भरतीच्या आधीपासूनचा आहे, सबब नोकरीशी संबंध नाही.

आता हे कुठून काढलं? तर भरतीच्या फॉर्मातून. एकोणिसाव्या वर्षी ह्यांना विचारलं होतं, शरीरावर ओळखीची खूण काय? ह्यांनी बाही वर करून काविळीचा डाग दाखवला. आमच्या पोशीरच्या बाजूला त्या वयाच्या निम्म्या पुरुषांच्या डाव्या हातावर तो आहे. पोराचे डोळे पिवळे दिसले की आया त्याला डोंगराकडच्या वाडीवर घेऊन जायच्या, तिथली एक जाणती म्हातारी तापवलेल्या सळईचं टोक मनगटाच्या वर टेकवायची. डाग वालाच्या दाण्याएवढा. भरतीच्या कारकुनाने लिहून घेतलं, डाव्या हातावर भाजल्याची खूण. वालाएवढी की कोपरापर्यंत, हे लिहायला फॉर्मात जागा नव्हती.

पत्र आलं त्या दिवशी मी भयंकर चिडले होते. ते इंग्रजीत होतं. सासूबाईंनी विचारलं, काय लिवलंय? मी भांडी आपटत सांगून टाकलं की म्हणतायत, लहानपणी तुम्ही डाग दिलात त्यानेच हात असा झाला. मला वाटलं, आता त्या सरकारच्या सात पिढ्या उद्धरतील. जिभेला हाड नाही त्यांच्या. पण त्या उठून आत गेल्या. जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांना शेजारणीला सांगताना मी ऐकलं, की पोराचा हात मीच घालवला. ह्यांनी समजावलं, मी समजावलं. आये, बर्फात भाजला मी, तुझ्या डागाने कसा होईल, असं हे दिवसातून चारदा सांगायचे. त्यांचं एकच. "शिक्का मारलेला कागुद खोटा कसा असंल? तू माजं मन राखतोस रं." बरं, आपला पोरगा मन राखण्यासाठी खोटं बोलतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजारी असतानाही तो पत्रात मजेत आहे असंच लिहायचा. आता म्हणे, त्याचीच शिक्षा भोगते मी. ह्यांच्यासमोर बसून जेवायच्या बंद झाल्या. हे बादली उचलायला गेले की धावत जाऊन हातातून ओढून घ्यायच्या, सत्तरीच्या बाईने.

आणि यात माझाही हात होता, ते कबूल करते. मी अंगणवाडीत काम करते. बाळाला डागू नका, हे आयांना सांगणं माझं रोजचं काम. लग्न करून आले तेव्हा पहिल्याच वर्षी मी सासूबाईंनाही ऐकवलं होतं, की डाग देणं म्हणजे लेकराचा छळ आहे, आयुष्यभराचं नुकसान आहे. नवी नवरी, आणि तोंडाचा पट्टा चालू. त्या तेव्हा हसल्या होत्या. बारा वर्षांनी सरकारने माझ्याच बोलण्यावर शिक्का मारून दिला, असं त्यांना वाटलं असेल तर मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?

थोडक्यात, शिक्क्याला उत्तर शिक्क्यानेच द्यायला हवं होतं. तोवर हे म्हणत होते, जाऊ दे गं, कोण भांडत बसणार. सासूबाई कशानेच ऐकेनात तेव्हा ह्यांनी मुकाट्याने अपिलाचा फॉर्म आणला.

भरायला मात्र माझ्यापुढे टाकला.

डाग केवढा होता हे सिद्ध करायचं, आणि डाग तर उरलाच नव्हता. मोठ्या जखमेत तो गेला. डागणारी म्हातारी कधीच वारली. यावरूनच एका खिडकीवर बाबूने ह्यांना अडवलं, की नोंदीतली ओळखीची खूण दिसत नाही, हा माणूस तोच कशावरून? म्हणजे एका टेबलावर तो डाग कोपरापर्यंत पसरलेला आणि दुसऱ्या टेबलावर तो नाहीच. एकाच फाइलीत. मी त्या बाबूला विचारलं, की तुम्ही आणि ते आधी एकमेकांत ठरवा आणि मग आम्हाला बोलवा. हे मला कोपर मारत होते. उजवं.

शेवटी मला सुचलं ते असं. एका रविवारी देवळाच्या ओट्यावर मी ह्यांच्या वयाचे सगळे पुरुष गोळा केले आणि म्हटलं, बाह्या वर करा. डाग असलेले अकरा जण निघाले. अंगणवाडीत मुलांचा दंड मोजायला लाल, पिवळ्या, हिरव्या रंगाची पट्टी असते, कुपोषण बघायला. ती एकेकाच्या डागाशेजारी धरली आणि फोटो काढले. एकाने विचारलं, वहिनी, मी लालमधे का हिरव्यात? पोट बघितलं तर त्याचा हिरवाही संपला होता. एकाला स्वतःचा डागच सापडेना, मग त्याच्या बायकोने दाखवला. प्रत्येकाकडून लिहून घेतलं की हा डाग लहानपणी काविळीला त्याच वाडीवर दिला. सरपंचांचा शिक्का घेतला. मोठ्यात मोठा डाग भरला बोटाच्या नखाएवढा.

ही सगळी वरात घेऊन आम्ही दुसऱ्या बोर्डासमोर गेलो. पहाटे घाटाखालच्या शिळफाट्याला माझ्या भावाकडून गाडी घेतली आणि पुढे घाट चढून गेलो. डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी टेप लावून हात मोजला, मूठ मिटायला सांगितली, मग विचारलं यातला जुना व्रण कुठला. हे म्हणाले, तो राहिला नाही मॅडम. मी पुढे होऊन फोटो ठेवले. त्यांनी अकराही बघितले, आणि ही रंगीत पट्टी कसली ते विचारलं. मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. मांडीवरून कातडी घेतल्याची खूणही त्यांनी बघितली आणि बरंच काही लिहिलं. आधीच्या बोर्डाला मांडी बघायचं सुचलं नव्हतं, आणि आमच्या साहेबांना दाखवायचं. लाज वाटली म्हणे.

निकाल यायला पावसाळा उलटला. भाताची झोडणी सुरू होती. पोस्टमनने खळ्यावरच आणून दिला. मी हातातली पेंढी टाकून तिथेच फोडला, आणि वाचता वाचता डोकं सटकलं. अपंगत्व पंधरा टक्के. वीसच्या खाली असलं तर पेन्शन नाही. मी खळ्यावर उभी राहून बडबडत सुटले. पंधरा कसे? ज्याला गाठ मारता येत नाही, भाताचा पेंढा बांधायला ज्याला दात लावावे लागतात, त्याचे पंधरा? हे मोजतात तरी कशाने? याचं पुन्हा अपील करायचं, मी सोडणार नाही, दिल्लीपर्यंत जाईन.

सासूबाई पेंढ्यावर बसून ऐकत होत्या. माझा दम संपला तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "डागाचं काय लिवलंय गं?"

मी रागातच म्हटलं, त्याचं काय, ते मानलंय त्यांनी. हात नोकरीमुळेच गेला असं लिहिलंय.

"वाचून दाखव."

मी वाचलं. आधी इंग्रजीत, मग मराठीत. भरतीच्या आधीची खूण क्षुल्लक होती, सध्याच्या व्रणाशी तिचा संबंध नाही, दुखापत लष्करी सेवेमुळे. त्यांनी शिक्का कुठे आहे ते विचारलं आणि त्यावर बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा वाचायला लावलं. उठल्या, पदराने हात पुसले आणि पलीकडे पेंढा रचणाऱ्या ह्यांच्याजवळ जाऊन बसल्या. ह्यांचा डावा हात ओढून मांडीवर घेतला. वर्षभर त्या हाताकडे त्यांनी नीट बघितलंही नव्हतं.

"म्हंजी खरंच तिकडं भाजला तू," त्या म्हणाल्या. मग आखडलेल्या बोटांवरून हात फिरवत, "लय दुकलं व्हतं का रं?"

मला वाटलं, आता हे नेहमीसारखं काही नाही गं आये म्हणून हात सोडवतील.

"लय," हे म्हणाले. "रोज पट्टी बदलायचे तवा मी तुला हाका मारायचो."

मी तो कागद हातात धरून तशीच उभी होते. लग्नाला माझ्या तेरा वर्षं होऊन गेली होती, आणि मला ह्यांनी यातलं कधी एक अक्षर सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.