पाया पडून झाल्यावरचा थ्रोबॉल

थ्रोबॉल खेळायला उभ्या राहिलेल्या माझ्याच विद्यार्थिनीच्या मी पाया पडलो. भर मैदानात, सामना सुरू व्हायच्या आधी, पाहुण्या कॉलेजच्या पोरींदेखत.

हे कसं झालं ते नीट सांगतो, म्हणजे मला मूर्ख म्हणताना तुम्हाला तपशील कमी पडायला नकोत.

आमचं कॉलेज रामनगरला. मी तिथं इतिहास शिकवतो. खेळाचे सर बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी येईना, तेव्हा प्राचार्यांनी शिट्टी माझ्या गळ्यात अडकवली. खेळाशी माझं नातं काय, तर शाळेत कबड्डीचे संघ पाडताना दोन्हीकडचे कप्तान मला एकमेकांना देऊ बघायचे. तेवढंच.

ही विद्यार्थिनी अणशीकडच्या एका वाडीवरची. पहिल्या वर्षाला मुलांच्या बाकावर बसायची. दुसऱ्या वर्षी चुडीदार घालून आली आणि सरळ मुलींच्या बाकावर जाऊन बसली. वर्गात काही दिवस कुजबुज चालली, मग परीक्षा आल्या आणि कुजबुजायला कुणाला सवड उरली नाही. मुलींनी तिला संध्याकाळी थ्रोबॉलला घेतलं. बॉल झेलायचा आणि खांद्यावरून जाळीपलीकडं फेकायचा, एवढाच तो खेळ. आमच्या मुली लहानपणापासून भाताच्या पेंढ्या झोडतात, त्यांना फेकायला वेगळं शिकवावं लागत नाही. तीही त्यातलीच.

पलीकडच्या तालुक्यातल्या एका कॉलेजशी मैत्रीचा सामना ठरला, तेव्हा ती माझ्याकडं आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "सर, सरावात मला घेतात. सामन्यात पोरींच्यात खेळू का?"

एका शब्दाचं उत्तर होतं. मी पुराणं काढली, शिलालेख काढले, राजांच्या अंतःपुरात कोण कोण मानाच्या जागी असायचं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे खेळू का नको, सर?"

मी म्हटलं, खेळ. वरच्या स्पर्धांच्या नियमांचं काय ते मला ठाऊक नव्हतं, पण हा सामना दोन कॉलेजांच्या आपसातला. प्राचार्य म्हणाले, तुम्ही बघून घ्या. समोरच्या कॉलेजच्या म्याडमना फोन केला, तर त्या म्हणाल्या, आमच्या पोरींना विचारलंय, त्यांची काय हरकत न्हाई. बघा, सगळं सुरळीत होतं. मी फक्त गप्प बसायचं होतं.

पण आम्ही मूळचे बेळगावकडचे. आमच्यात यल्लम्मा घरोघरी. देवीची परडी डोक्यावर घेऊन जोगप्पा दारात यायचे, पुरुष म्हणून जन्मलेले, साडी नेसलेले, हातात हिरव्या बांगड्या. घरातलं लहानथोर पाया पडायचं, ते कपाळाला भंडारा लावायचे. अशी व्यक्ती म्हणजे देवीचं माणूस, ही गाठ माझ्या डोक्यात तेव्हाच बसलेली. मला वाटलं, या पोरीला नुसतं खेळवायचं? तिचा मान करायला हवा. बायकोला विचारलं असतं तर तिनं तिथंच अडवलं असतं. म्हणून विचारलं नाही.

सामन्याच्या सकाळी जाळीपाशी ताट मांडलं. नारळ, उदबत्ती, भंडारा. नारळ फोडायचा मान एरवी प्राचार्यांचा. मी तिला पुढं बोलावलं. ती पाठीवर नंबर लावलेल्या जर्सीत, केस घट्ट बांधून, बूट घालून आलेली. तिच्या हातात नारळ दिला, आणि सगळ्यांना कळावं म्हणून मोठ्यानं सांगितलं की आज आपल्याला देवीचा आशीर्वाद मिळणार आहे. मग वाकलो.

माझ्यामागं पाहुण्या पोरींची रांग लागली. त्यांचाही दोष नाही; त्यांच्या गावातही परडी यायची. एकीनं वाकून विचारलं, इंग्रजीचा पेपर सुटंल का? तिनं त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "अभ्यास कर."

मग नारळ ताटात ठेवून माझ्याकडं वळली. आवाज अगदी हळू होता.

"सर, आमच्या घरची जत्रा उळवीची. यल्लम्माच्या डोंगरावर मी कधी गेलेसुद्धा न्हाई. मी खेळायला आलेय."

तोवर व्हायचं ते झालं होतं. समोरच्या म्याडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, सर, हे तुम्ही आधी सांगितलं न्हाई. पोरींना आता भीती वाटते. देवीच्या माणसावर बॉल कसा मारायचा? उद्या घरी काय झालं तर आया मला विचारतील. तुमची दुसरी कुणी पोरगी उतरवा. म्हणजे बाई म्हणून खेळायला जिला कुणाची हरकत नव्हती, तिला मी देवी करून मैदानाबाहेर काढलं होतं.

मी तोंड उघडलं. आमची कप्तान, ही कॅसलरॉकची, रोज रेल्वेनं येते, तिनं मला हातानंच थांबवलं. बरं केलं. मी बहुतेक पुन्हा शिलालेखांवर गेलो असतो.

जिच्यावरून हे सगळं चाललं होतं, ती मात्र बॉल घेऊन जाळीपाशी गेली. पलीकडची कप्तान आत्ताच तिच्या पाया पडलेली, अजून कपाळाला भंडारा. तिच्याकडं बॉल टाकला आणि म्हणाली, "टाक. लागला तर लागू दे."

त्या पोरीनं म्याडमकडं बघितलं. मग बाळाला घास भरवावा तसा अलगद बॉल पलीकडं सोडला. हिनं तो झेलला आणि असा परत फेकला की त्या कप्तानच्या हातातून सुटून छातीवर आदळला. ती दोन पावलं मागं गेली. मग छाती चोळत ती ओरडली, "अय्यो, हात हाय का पहार?" आणि जो बॉल मारला तो मारला. हिनं कसाबसा झेलला, बोट झटकलं आणि हसली. वर्षभरात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. आमच्या पोरी हसल्या, त्यांच्या हसल्या. म्याडमनी पदर खोचला आणि म्हणाल्या, चला, वेळ जातोय.

सामना सुरू झाला. अंपायर मीच. आता तिचं काही बिघडू द्यायचं नाही असं मी मनाशी घट्ट ठरवलं होतं. खेळ रंगला, गुण बरोबरीत आले. तिनं मागच्या कोपऱ्यात एक अवघड बॉल झेलला, तोल जाऊन दोन पावलं सरकली आणि मग फेकला. बॉल हातात असताना पाय हलवायचा नाही, एवढा एक नियम मलाही माहीत होता. शिट्टी तोंडातच होती. मी वाजवली नाही. आभाळाकडं बघितलं.

समोरच्या पोरींनी कलकलाट केला. ती जागेवरच थांबली.

"सर, माझा पाय हलला."

मी म्हटलं, मला दिसला नाही.

"दिसला तुम्हाला," कमरेवर हात ठेवून ती म्हणाली. "शिट्टी म्याडमकडं द्या सर, आणि तुम्ही पाणी वाटा."