पिसं कुणाच्या बाजूला

दाजींचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकलो होतो. "तुझी ताई गेली रे," ते म्हणाले, आणि मी विचारलं, "कुठे? या रविवारी तर काही ठरलं नव्हतं." बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी थोरली बहीण सारखी कुठे ना कुठे जातच असायची... साल्हेर, हरिहर, एकदा तर हिमालयात. दाजींनी तेच पुन्हा सांगितलं. मागचे हॉर्न वाजत होते. ती झोपेतच गेली होती. महिना उलटला, पण नीट कळलंय असं अजूनही म्हणवत नाही.

हिमालयासाठी तिने पिसांची दुलई घेतली होती. आत बदकाची मऊ पिसं, वरून पातळ कापड, आडवे शिवलेले कप्पे. दोघांना पुरेल एवढी रुंद, वजनाला मात्र शालीइतकी. पिसं कप्प्यातल्या कप्प्यात सरकून एका कडेला गोळा होतात. मग ताई गच्चीवर दुलई उन्हाकडे धरून बघायची. जिथून उजेड जास्त दिसेल तिथे पिसं कमी. तळव्याने हलकेच थापटत ती पिसं तिकडे न्यायची, गुठळी लागली की चिमटीत मोकळी करायची. "हिला पिसं लागलंय," दाजी म्हणायचे. मी विचारायचो, "ताई, पापड वाळत घातलेत का?" त्यावर ती एवढंच सांगायची, "झटकू नकोस, थापट."

थंडीत किल्ल्यावर मुक्काम असला की आम्ही दोघं त्या एकाच दुलईत झोपायचो. सकाळी बघावं तर सगळी पिसं माझ्या बाजूला, आणि तिच्या अंगावर नुसतं कापड. "रात्रभर ओढतोस तू," ती म्हणायची. मला ते खरंच वाटायचं. पण माझी बायको सांगते, मी झोपलो की ओंडका, कूससुद्धा बदलत नाही. आणि ओढली तर दुलई सरकेल, आतली पिसं कशी सरकतील? ताई असताना हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

दाजींनी दुलई माझ्या हाती दिली तेव्हा ती तशीच होती, एका बाजूला फुगलेली, दुसरीकडे रिकामी. पिसं नेहमी माझ्याच बाजूला कशी, मी त्यांना विचारलं. "अरे, तिला उकडायचं," ते म्हणाले. "पन्नाशीनंतर भर थंडीत पंखा लावायची. दिली असतील ढकलून तुझ्याकडे." असेल. पण किल्ल्यावरच्या गुहेत ती कानटोपी आणि मोजे घालून झोपायची, सकाळी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसायची. उकडणारं माणूस असं करतं का? पण मग दाजी कशाला खोटं बोलतील? बायको म्हणते, दोन्ही खरं असेल. मला ते झेपत नाही. तिने मला पांघरूण घातलं की नुसती नको असलेली ऊब माझ्याकडे सारली, एवढं कळलं तरी पुरे होतं. पहिलं खरं असावं असं मला फार वाटतं... पण वाटून काय होतं?

पिसं तशीच दबून राहिली तर खराब होतात, हे तिनेच सांगितलेलं. म्हणून परवा दुलई गच्चीवर नेली. उन्हाकडे धरली, थापटली, गुठळ्या मोकळ्या केल्या. सगळे कप्पे सारखे भरले. छान जमलं म्हणून घडी घालायला दोन्ही कडा हातांत घेतल्या, आणि थांबलो. दोन्ही कडा अगदी सारख्या. यातल्या कुठल्या बाजूला ताई झोपायची, ते आता ओळखता येत नाही.